बंदूक वाचली, पण बातमीने पत्ता दिला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात आमच्या तालुक्यातल्या घरफोडीची बातमी आली होती. ते घर माझं. बातमीत माझं पूर्ण नाव आहे, गाव आहे, वाडी आहे. मी पुण्याला लेकीकडे गेले होते, हे आहे. यजमान वारले असून मी एकटी राहते, हेही आहे. आणि शेवटी एक ओळ आहे : 'सुदैवाने भिंतीतील कपाटात ठेवलेली बारा बोअरची बंदूक चोरट्यांच्या हाती लागली नाही.' चोरांना ते कपाट फोडता आलं नव्हतं. आत काय आहे, याचा त्यांना पत्ता नव्हता. तो आपण दिलात.

हे पत्र छापलंत तर खाली नाव-गाव नको, एवढं आधीच सांगते. तालुकाही नको. तळकोकण म्हटलंत तरी पुरे.

चोरी कशी झाली ते बातमीत आलंच आहे, फक्त दाराचं कुलूप तोडल्याचं लिहिलंय ते खरं नाही. कुलूप जसंच्या तसं होतं. ते मागच्या पडवीवरून आले. मंगळुरी कौलं चार सरकवली, दोन रिपा कापल्या आणि माळ्यावर उतरले. मागच्या दाराचा अडसर नंतर आतून काढला, सामान न्यायला. आमच्याकडची जुनी घरं अशीच फुटतात. पुढच्या दाराला आपण पितळी कुलूप लावतो, वर नारळाएवढं दुसरं लावतो, आणि छप्पर नुसतं पावसासाठी असतं. गेलं काय? समया, तांब्याचे दोन हंडे, देवघरातली घंटा, गॅसचा सिलिंडर, बागेतल्या पंपाची केबल आणि मागच्या हंगामातली राखून ठेवलेली काजू-बी. पंप जड म्हणून राहिला असावा. पोलिसांचं कुत्रं कुंपणाच्या दगडी गडग्यापर्यंत गेलं, तिथून डांबरी रस्त्याला लागलं आणि घुटमळलं. रस्त्यावर गाडी उभी असणार, हे सांगायला कुत्रं नको होतं, पण रीत असते ती पाळली.

मला कळलं ते शेजारच्या मुलाच्या फोनवरून. "काकी, मागीलदार उघडा आसा, कौलां काढलेली दिसतत." मी म्हटलं, आत जाऊ नको, कशाला हात लावू नको, आधी पोलीस पाटलांना बोलाव. दोन तासांनी पुन्हा त्याचाच फोन. पंचनामा चालू होता. भिंतीतल्या लोखंडी कपाटात काय आहे, असं पोलीस विचारताहेत म्हणाला. फोन स्पीकरवर होता. मागे निम्मी वाडी बोलताना ऐकू येत होती, कुणीतरी चहाचं विचारत होतं. मी सांगितलं, स्पीकर बंद कर आणि फोन साहेबांच्या हातात दे. त्यांना एकट्यांना सांगितलं. त्यांनी ते कागदावर घेतलं, घ्यायलाच हवं होतं. पण लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, कारण पंचांना ऐकवावं लागतं. पंचांच्या मागे वाडी उभी होती आणि वाडीच्या मागे आपला वार्ताहर. स्पीकर बंद करून मी मिळवलं काय, हा प्रश्नच आहे.

आता बंदुकीबद्दल, कारण बातमी आल्यापासून लोक मला विचारतात, काकी, तुमच्याकडे बंदूक कशाला?

बंदूक सासऱ्यांची. एकनळी, काडतुसाची. शेतीसंरक्षणाचा परवाना आहे. सासऱ्यांनंतर यजमानांच्या नावावर झाली, यजमान गेल्यावर मी माझ्या नावावर करून घेतली. काजू, नारळ, थोडी केळी आणि खाली दोन कोपरे भाताचे, एवढी आमची शेती. वानर नारळाचे कोवळे कोके पाडतात, डुकरं एका रात्रीत भाताचा कोपरा लोळवतात, अलीकडे गवेही बागेत उतरायला लागलेत. हे प्राणी परवानगीवाचून मारता येत नाहीत, तसा कायदाच आहे. वर्षातून मोजके बार हवेत काढायचे, एवढंच. पण ती हाताशी असली की रात्री बागेत जाताना पाय उचलतो. बातमी वाचून एका नातेवाइकांनी फोनवर सल्ला दिला की चोर दिसला की सरळ बार टाकायचा. मी पुण्यात होते, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. आणि घरात असते तरी तांब्याच्या हंड्यासाठी माणसावर बंदूक रोखणारी मी नव्हे.

बंदुकीमुळे घराचं रक्षण होतं, असं पुष्कळांना वाटतं. बंद घरात ती कुणाचं रक्षण करणार? तिथे तिचंच रक्षण करावं लागतं. हंडा गेला तर माझा हंडा गेला. बंदूक गेली तर ती जंगलात शिकारीला जाणार, नाहीतर नंबर घासून कुठल्या तरी गुन्ह्यात सापडणार, आणि कागदावर नाव माझं. म्हणूनच हत्यार हरवलं किंवा चोरीला गेलं तर विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं, अशी परवान्यातच अट असते.

यजमानांची एक शिस्त होती, ती मी पाळते. बंदूक जोडलेली कधी ठेवायची नाही. एकनळीची पुढची लाकडी पट्टी ओढून काढली आणि बंदूक मोडली की नळी हातात येते, पाना-पेचकस काही लागत नाही. नळी एकीकडे, दस्ता दुसरीकडे, काडतुसं तिसरीकडे, आणि तिन्हींच्या किल्ल्या एका जुडग्यात नाहीत. चोरांनी कपाटावर पहार चालवली. बिजागरीच्या बाजूने पत्रा अंगठाभर वाकलाय, रंग उडालाय, खाली चिऱ्याची लाल पूड पडली होती. पण कपाट हललं नाही. आणि हललं असतं तरी त्यांच्या हाती अर्धीच बंदूक आली असती. अर्धी कोणती, ते लिहीत नाही. जागाही आता बदलल्या आहेत.

कपाट का हललं नाही, हे मात्र लिहायला हवं, कारण आमच्या भागात पुष्कळांना याचा उपयोग होईल. बाजारातलं पातळ पत्र्याचं कपाट म्हणजे साड्यांसाठी. त्याला पहार लावली की पत्रा कागदासारखा दुमडतो. यजमानांनी फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड पत्र्याची उभी पेटी करून घेतली, बिजागऱ्या आतून, कुलूप पत्र्याच्या आत बुडालेलं. पण खरी गोम भिंतीत आहे. आमच्या भिंती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या. चिऱ्यात बोल्ट धरत नाही, मोठी पहार लावली की बोल्टाभोवतीचा दगडच भुगा होऊन येतो. म्हणून गवंड्याने दोन चिरे काढून तिथे सळया घालून काँक्रीट भरलं आणि पेटीचे बोल्ट त्यात बसवले. पेटीत पावसाळ्यात ओल धरते, ती वेगळी कटकट. नळीला तेलाचा हात देऊन ठेवावं लागतं.

चोरीनंतर मी आणखी काय केलं? मागच्या पडवीच्या कौलांखाली लोखंडी जाळी मारून घेतली. वाशांना नुसती ठोकली नाही, पट्ट्या घालून बोल्टने आवळली. सुतार म्हणाला, आता उंदीरसुद्धा येणार नाही. उंदीर दुसऱ्या रात्री आला, पण माणूस येणार नाही. मागच्या दाराला आडवा लोखंडी दांडा केला. कॅमेरा मुलीने आग्रहाने बसवला. सिमकार्डावर चालतो, म्हणजे रेंज असेल तेव्हा. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की कधी येईल ते वायरमनलाही ठाऊक नसतं, त्यामुळे कॅमेऱ्याला बॅटरी लावावी लागली. एकूण खर्च चोरीला गेलेल्या मालापेक्षा जास्त झाला. फोडलेलं घर पुन्हा फोडतात, असं जुने हवालदार सांगतात. एकदा येऊन गेलेल्याला माजघर कुठे, जिना कुठे, न फुटलेली पेटी कुठे, सगळं पाठ झालेलं असतं. त्यात पेटीत बंदूक आहे हे छापून आलेलं. मग खर्च करायचा नाही तर काय?

परवान्याची प्रत कुठे ठेवायची, हाही मुद्दा आहे. पुष्कळ जण परवान्याचं पुस्तक बंदुकीसोबत त्याच कपाटात ठेवतात. कपाट गेलं की हत्यारही गेलं आणि त्याचा नंबरही गेला. मग ठाण्यात बसून आठवत बसायचं. आता परवान्यांची नोंद संगणकावर असते, प्रत्येक परवानाधारकाला विशिष्ट क्रमांक असतो, पण रविवारी सकाळी पंचनामा चालू असताना तो संगणक कोण उघडणार? माझ्या परवान्याच्या सगळ्या पानांची प्रत आणि नळीवरच्या नंबराचा फोटो लेकीकडे आहे. काडतुसांचा हिशेबही एका वहीत आहे. एका वेळी किती बाळगायची ते परवान्यावर लिहिलेलं असतं, आणि माझ्याकडे खडकीच्या कारखान्यातली जेवढी शक्तिमान काडतुसं वहीत होती तेवढीच डब्यात निघाली. हे पंचांसमोर मोजून झालं तेव्हा कुठे मला घोटभर पाणी गेलं.

बंद घर ओळखायला चोराला कुलूप पाहावं लागत नाही. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, पाचोळा साचतो. तुळस सुकते. वीजबिल दाराच्या फटीत दिसतं. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, त्यावर कुणाचा पाय उमटलेला नसतो. आमच्या वाडीत अशी किती घरं आहेत! गणपतीत आणि शिमग्याला माणसांनी भरतात, बाकी वर्षभर कुलपात. मी शेजारच्या मुलाला सांगून ठेवलंय, मी नसताना दोन दिवसांआड खळं झाडायचं, तुळशीला पाणी घालायचं, संध्याकाळी पडवीतला दिवा लावायचा. त्याला मी त्याचे पैसे देते. फुकटचं काम आठवड्यात विसरलं जातं.

पण हे सगळं करूनही बंदूक महिनाभर बंद घरात ठेवणं मला पटत नाही, आणि इथेच माझी खरी तक्रार आहे. लेकीचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा निघण्याआधी मी पोलीस ठाण्यात गेले होते. म्हटलं, महिनाभर घर बंद राहणार, बंदूक जमा करून घ्या, पावती द्या. समोरचे म्हणाले, "काकी, निवडणूक लागली काय? मग कशाला?" मी पुन्हा विचारलं. तेव्हा खरं उत्तर आलं : जागा नाही, आणि महिनाभर जबाबदारी कोण घेणार?

निवडणुकीत परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करून घेतात, तेव्हा मात्र जागा असते. २०२४ मध्ये १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, ती जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होती. ऐन काजूचा हंगाम. मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली, तेव्हा भात कापणीला आलेलं. दोन्ही वेळा वानरांना आणि डुकरांना मोकळं रान मिळालं आणि आमची बंदूक ठाण्यात. कोणाचं हत्यार जमा करायचं आणि कोणाचं नाही, हे ठरवायला जिल्ह्यात छाननी समिती असते, सरसकट सगळ्यांची घ्यायची असा काही नियम नाही. पण नोटीस येते आणि आपण गोणपाटात गुंडाळून रांगेत उभे राहतो. त्या रांगेत कोणत्या गावात कोणाकडे काय आहे, हे सगळ्यांना कळतं, ते वेगळंच. परत मिळाली तेव्हा चापाच्या कडीला सुतळीने चिठ्ठी बांधलेली होती आणि नळीच्या तोंडाशी तांबूस गंज चढला होता. एकावर एक रचून ठेवतात, दुसरं काय होणार?

म्हणजे आमच्या हातात बंदूक हवी तेव्हा सरकार ती नेतं, आणि आम्ही आपण होऊन नेऊन दिली तर घेत नाही. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे हत्यार सांभाळायला ठेवण्याची सोय कायद्यात आहे, हे मला माहीत आहे. पण मला ठाऊक असलेलं दुकान घाटावर, कोल्हापुरात. माझ्या परवान्याची हद्द जिल्ह्यापुरती. म्हणजे आधी हद्दीबाहेर नेण्याची परवानगी काढायची, मग बासष्टाव्या वर्षी गोणपाटातली बंदूक घेऊन एसटीने आंबोली घाट चढायचा, आणि महिन्याने तसंच खाली यायचं. कंडक्टर तिकीट कशाचं फाडणार?

माझी मागणी मोठी नाही. तालुक्याच्या एका तरी ठाण्यात हत्यारं उभी ठेवायची लाकडी घोडी आणि कोरडी खोली असावी. ज्याला घर बंद करून जायचंय त्याने अर्ज द्यावा, पोलिसांनी नंबर आणि स्थिती लिहून पावती द्यावी, हवं तर महिन्याचं भाडं घ्यावं. बँकेच्या लॉकरला आम्ही भाडं देतोच की. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना घेताना प्रशिक्षणाचा दाखला लागतो आणि हत्यार सुरक्षित ठेवीन असं हमीपत्र द्यावं लागतं. मी दिलं. हमी देणाऱ्याला ती पाळता यावी, एवढंच मागते आहे. त्या सहीनंतर माझ्या घरी पेटी बघायला कुणी आलं नाही, ते येऊन बघून गेले असते तर मला आवडलंच असतं.

आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्यापेक्षा ती जास्त काळजीची आहे. आमच्या आसपासच्या वाड्यांमध्ये मेलेल्या माणसांच्या बंदुका आहेत. परवानाधारक आजोबा गेले, मुलं मुंबईत, घराला कुलूप, आणि ठासणीची किंवा काडतुसाची बंदूक माळ्यावर नाहीतर भाताच्या कणगीमागे. कोणी सांगत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. माझ्या घरात पेटी होती, तिथे पेटी नाही. चोर माळ्यावर उतरला की पहिला हात तिच्यावरच पडेल.

मुलांनी जमा का केली नाही? मी स्वतः त्या वाटेने गेले आहे म्हणून सांगते. मृत्यूचा दाखला, वारसांचा कागद, दिरांचं आणि लेकीचं ना हरकत, पोलिसांचा अहवाल, प्रशिक्षणाचा दाखला, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे. मी इथे राहते, म्हणून जमलं. ज्याला मुंबईहून रजा काढून यायचंय, तो म्हणतो, राहू दे माळ्यावर. शिवाय भीती असते की आता इतक्या वर्षांनी सांगितलं तर आधी आपल्यालाच बेकायदा हत्यार बाळगलं म्हणून धरतील. ती भीती खोटी नाही, कारण परवाना त्या माणसाबरोबर संपतो. नियमात चांगली सोय आहे : परवानाधारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली किंवा त्याने पंचवीस वर्षं हत्यार बाळगलं असलं, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. हे गावात कुणाला माहीत नाही. गणपतीत सगळे चाकरमानी गावात असतात. त्या आठवड्यात तहसीलदार आणि पोलीस मिळून एक दिवस शिबिर लावतील, अर्ज तिथेच घेतील आणि ज्यांना ठेवायची नाही त्यांच्याकडून पावती देऊन जमा करून घेतील, तर किती माळे मोकळे होतील. आज येऊन जमा करील त्याला त्रास होणार नाही, असं अधिकाऱ्यांनी उघडपणे सांगितलं पाहिजे. ग्रामपंचायतीला मी हे लेखी दिलं आहे. पोचपावती मिळाली.

आता आपल्याकडे विनंती. घरफोडीची बातमी द्यावी, जरूर द्यावी, वाचून बाकीचे सावध होतात. पण ज्याच्याकडे चोरी झाली त्याचं नाव आणि वाडी कशाला? चोर न सापडता घर बंद असल्याचं, बाई एकटी असल्याचं, अमुक वस्तू वाचल्याचं छापणं म्हणजे राहिलेल्या मालाची यादी देणं आहे. हत्यार चोरीला गेलं असेल तर छापा, लोकांना कळायलाच हवं. वाचलेलं हत्यार मात्र बातमी नव्हे. आपल्या तालुक्या-तालुक्यांतल्या वार्ताहरांना एवढी एक सूचना द्यावी. बातमी देणाऱ्या मुलाचा यात दोष नाही, कोणी काही सांगितलं नसेल तर कानावर पडलं ते तो लिहिणारच.

आणि एक दुरुस्ती. बातमीत 'रोख ऐंशी हजार लंपास' असं आहे. फिर्यादीत रोकड नाहीच. देवघरातल्या डब्यात सुटे पैसे होते, त्यांना चोरांनी हात लावला नाही. बातमी आल्यापासून पतपेढीचे वसुली करणारे दोनदा येऊन गेले, घरात ऐंशी हजार होते तर हप्ते का थकले म्हणून विचारत होते. तेवढं कृपया पुढच्या अंकात छापावं.

आपली,
एक शेतकरी परवानाधारक, तळकोकण
(नाव व पत्ता संपादकांसाठी सोबत जोडला आहे)